उन्हाकडे पाठ

१

दर रविवारी सकाळी शिवदास परब आपल्या गुलाबाच्या कुंड्या पाव फेरी फिरवत. गुलाब उन्हाकडे झुकतो. एकाच अंगाने ऊन खात राहिला की झाड वाकडं होतं. म्हणून कुंडी जराशी फिरवायची, आठवडाभर विसरायची, पुन्हा फिरवायची. हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, आणि पुस्तकात वाचलेलं खरोखर करून बघणारा माणूस दिंडोशीच्या त्या वसाहतीत दुसरा नव्हता. त्यांची बायको जानकी मागच्या खोलीच्या खिडकीतून हा सोहळा बघायची आणि म्हणायची, "निघाली परबांची पालखी. ढोलवाले कुठे राहिले?"

यंदा खिडकीतून कोणी बोललं नाही. जानकी आत पलंगावर होती. तिला इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टर फार सभ्यपणे बोलले होते. "घरच्या माणसांत राहिल्या तर त्यांनाही बरं वाटेल," असं म्हणाले. परबांनी उभी हयात कोर्टात कारकुनी केली होती. निकाल सभ्य भाषेत लिहिला म्हणून तो सौम्य होत नाही, हे त्यांना समजत होतं. आणि निकाल समजला म्हणून तो मान्य केलाच पाहिजे असं नाही, हेही.

घरच्या माणसांत म्हणजे परबांतच. मूलबाळ नव्हतं. नातेवाईक आले ते पलंगाच्या डोक्याशी उभे राहिले, काय खावंसं वाटतं ते जानकीला विचारलं, ती सांगायच्या आत घड्याळाकडे पाहिलं, आणि जाताना परबांचा खांदा दाबून गेले. सगळ्यांनी तिला मनातल्या मनात पोचवलं होतं. उरला होता फक्त तिचा निघण्याचा भाग.

त्याच आठवड्यात परबांनी रोपवाटिकेतून गुलाबाची आणखी कलमं आणली. पहिल्या मजल्यावरची ज्युलिया जिन्यात उभी राहून बघत होती. ज्युलिया मूळची मरोळ गावठाणातली, जानकीची जुनी मैत्रीण. ती रोज खाली येऊन जानकीला पुसून द्यायची, तिचे केस विंचरायची.

"भावोजी, आता हे कशाला?" ती म्हणाली. "याला फुलं कधी यायची?"

"नीट बहरायला वर्ष लागतं."

"मग?"

"मग काय? पुढच्या थंडीत जानकीला बघायला फुलं नकोत?"

 ज्युलिया एक कलम उचलून मागच्या अंगणात घेऊन गेली.

२

मागचं अंगण म्हणजे इमारतीची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला पट्टा. त्यात कुंड्यांच्या दोन रांगा आणि मधे एका माणसाला चालता येईल एवढी वाट. सकाळचं ऊन कंपाउंडच्या भिंतीवरून येई आणि जेवणवेळेपर्यंत थांबे.

पावसाळ्यानंतरची छाटणी झाली होती. काड्यांवर नवी फूट आली होती, तांबूस, लुसलुशीत, लहान मुलाच्या कानाच्या पाळीसारखी. परब पहिली कुंडी फिरवायला वाकले आणि थांबले.

डाव्या रांगेची फूट उजवीकडे झुकली होती. ते ठीक; ऊन तिकडूनच येतं. पण उजव्या रांगेची फूट डावीकडे झुकली होती, उन्हाकडे पाठ करून. परबांनी चष्मा पुसला. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं की डावं-उजवं असा प्रश्नच नाही. प्रत्येक कुंडीतला प्रत्येक शेंडा एकाच जागेकडे रोखलेला होता. वाटेच्या पार टोकाला, पाण्याच्या नळाशेजारची जागा. तिथे काही नव्हतं. ओली फरशी होती.

सगळी झाडं दोन्ही बाजूंनी एका जागेकडे झुकली, तर ऊन त्या जागी उभं असायला हवं.

परब असल्या गोष्टींना लगेच शरण जाणारे नव्हते. समोरच्या इमारतीवर स्टीलची टाकी होती. तिची तिरीप तिथे पडत असेल. त्यांनी नळापाशी उभं राहून टाकी शोधली. ती दिसत नव्हती. पाइपमधून ऊब येत असेल. पाइप गार होता. शेवटी त्यांनी सगळ्या कुंड्या अर्धी फेरी फिरवल्या, कंबर धरली आणि आत गेले.

दुपारी ज्युलिया बांगड्याचं धुवण घेऊन आली. मासळी धुतलेलं पाणी गुलाबाला घालायचं ही जानकीची रीत. "माका बांगडो, झाडाक पाणी," असा तिचा हिशेब असे. वसाहतीतले शाकाहारी त्या पाण्याच्या वासाने दरवर्षी तक्रार करत, आणि फुलं मागायलाही तेच येत.

"भावोजी, तुमच्या गुलाबांची मीटिंग आहे काय?" ज्युलिया म्हणाली. "सगळे डोकं लावून बसलेत."

परब बाहेर आले. शेंडे पुन्हा नळाकडे वळले होते.

"ऊन," ते म्हणाले.

"ऊन तर गेलं."

ती बादली विसळायला नळाकडे निघाली. नळापाशी पोचताना तिने अंग चोरलं, कडेने गेली, पदर सावरला, आणि हात लांब करून नळ सोडला. कोणी मधे उभं असलं की माणूस जातो, तशी. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. परबांच्या आलं.

३

त्यानंतर ती जागा सरकू लागली.

परबांना ते आधी पटलं नाही, मग मोजता आलं, आणि मग मोजायची इच्छा राहिली नाही. नळापासून ती वाटेच्या मध्यावर आली. सकाळी जिथे शेंडे रोखलेले असत तिथे ते भाजी आणायच्या पिशवीचं टोक ठेवून जात. दुसऱ्या दिवशी शेंडे पिशवीच्या पुढची फरशी दाखवत. नवी फूट कोवळी, ती वाकली तर नवल नाही. पण आता जुन्या, बोटाएवढ्या जाड काड्याही मुळापासून कलल्या होत्या, आणि त्यांच्या सालीवर बारीक चिरा पडल्या होत्या. एवढ्या जोराने वाकायला झाडाला कारण लागतं.

जागा सरळ मागच्या खोलीच्या खिडकीकडे येत होती.

कोणाला सांगावं, हाही एक प्रश्नच होता. सांगायचं काय? माझे गुलाब कुणाला तरी बघतायत? असा अर्ज त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी स्वतःच तो दाखल करून घेतला नसता. ना अर्जदाराचं नाव, ना तक्रारीचं स्वरूप, ना पुरावा. पुरावा म्हणून झाडं हजर करता येतात, पण झाडांची उलटतपासणी कशी घेणार?

त्यांनी खिडकीची काच जुन्या चादरीने झाकली. जानकीला ते आवडलं नाही.

"काढा ते," ती म्हणाली. तिचा आवाज हल्ली घोंगडीखालून आल्यासारखा येई. "तिचं तोंड दिसत नाही मला."

"कुणाचं?"

"असते एक. झाडात उभी." मग खिडकीकडे बघत, "रोज जराशी पुढे येते. लाजते बिचारी."

परबांनी चादर काढली नाही. स्वयंपाकघरात जाऊन ते पेज ढवळत बसले. वर ज्युलियाचं शिवणयंत्र चालू होतं, शेजारी कुकरची शिट्टी झाली, बाहेर रस्त्यावर कोणी रिक्षा वळवत होतं. सगळे आवाज जागच्या जागी होते. फक्त मागच्या अंगणातल्या चिमण्या गप्प होत्या, आणि त्या कधीपासून गप्प आहेत हे परबांना आठवेना.

तेवढ्यात मागच्या खोलीतून जानकीचा आवाज आला. घोंगडीखालून नव्हे. स्वच्छ, पूर्वीचा, दारात पाहुणा आल्यावरचा.

"गे बाय, उन्हात कित्याक उभी? भितर ये. बस जरा."

परब पेजेचा डाव हातात घेऊनच धावले. चादर खाली पडली होती. खिडकीच्या गजांपाशी दोन्ही रांगांतले शेंडे असे गोळा झाले होते की मधे एक उभी, अरुंद, रिकामी जागा राहिली होती. खांद्यांशी थोडी रुंद.

"कुणाला बोलावलंस?"

"दारात इल्ल्या माणसाक ये म्हणूक नको?" जानकी म्हणाली आणि डोळे मिटले. गावाकडची भाषा आजारपणात तिच्या तोंडी जास्तच येऊ लागली होती. "किती दिस उभी आसा ती."

परबांनी तिला कधी दोष दिला नाही. तिच्या माहेरी वाटसरूलाही पाणी न पाजता पुढे जाऊ देत नसत. ती चूक तिच्या हातून होणारच होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातले सगळे गुलाब सरळ उभे होते. शेंडे उन्हाकडे, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

"बघा," ज्युलिया म्हणाली. "झाले ना शहाणे. उगीच तोंड पाडून बसला होतात."

परबांनी आयुष्यात इतकं वाईट दृश्य पाहिलं नव्हतं. बाहेर आता बघण्यासारखं कोणी नव्हतं.

त्यांनी बाह्या वर केल्या आणि कुंड्या उचलून घरात आणायला सुरुवात केली. ज्युलिया आधी हसली, मग हसायची थांबली. फरशीवर चिखलाच्या रेघा, मुंग्यांची एक रांग, बैठकीत गुलाब, टीव्हीपुढे गुलाब, मोरीच्या दाराशी गुलाब.

"भावोजी, डोकं फिरलं काय तुमचं? आजारी माणसाच्या घरात माती आणता?"

"आणतो."

"कशाला पण?"

"घरात कोण कुठे आहे ते मला कळायला हवं."

ज्युलियाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग गळ्यातला क्रूस पदराखालून बाहेर काढून नीट दिसेल असा ठेवला, आणि दुसरी बाजू धरून जड कुंडी उचलायला मदत केली.  

संध्याकाळपर्यंत बैठकीतले शेंडे बोळाकडे वळले. बैठकीच्या खिडकीतून पश्चिमेचं भरपूर ऊन येत होतं. त्याला एकाही झाडाने जुमानलं नाही. बोळातले शेंडे मागच्या खोलीकडे वळले. परबांनी सर्वांत लहान कुंडी कंदिलासारखी हातात धरली आणि चालू लागले. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्या झाडाचा शेंडा त्यांच्या बोटांना हिसका देऊन पुढे झुकला. पाळलेल्या कुत्र्याने साखळी ओढावी तसा.

पलंगाच्या डोक्याशी, भिंत आणि पलंग यांच्यामध्ये. नातेवाईक उभे राहायचे तिथेच.

जानकी त्याच कुशीवर वळून निजली होती. त्या बाजूची गादीची कड जराशी दबलेली होती.

५

जानकीने खाणं सोडलं. पेज ओठांवरून ओघळे. परबांचा चुलतभाऊ दत्ताराम आला. तो त्यांच्याहून मोठा, आणि नात्यातल्या बहुतेक मरणांना वेळेवर हजर राहिलेला. घरभर पसरलेल्या कुंड्यांमधून धोतर सावरत तो आत गेला, जानकीची नाडी बघितली आणि परबांना बाजूला घेतलं.

"शिवा, तू तिला धरून ठेवलंयस. म्हणून तिचा जीव घुटमळतोय. गंगाजळ घाल तोंडात, कानात सांग, जा म्हणावं सुखाने."

"आपल्यात जा म्हणत नाहीत, दत्तादादा. ये म्हणतात."

"तसं म्हण."

"म्हणतो," परब म्हणाले. "तू आता ये."

दत्तारामाला समजायला क्षणभर लागला. मग तो पायात चपला सरकवून निघून गेला. जिन्यापाशी त्याचा आवाज आला, तो ज्युलियाला सांगत होता की शिवाचं काही खरं नाही. ज्युलिया म्हणाली, "त्यांचं कधीच काही खरं नव्हतं. तुम्ही सांभाळून जा."

६

दुपार होती. वर शिवणयंत्र बंद होतं. परब पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून झाडांकडे बघत होते. एव्हाना सगळ्या कुंड्या त्यांनी या एकाच खोलीत ओढून आणल्या होत्या, आणि सगळे गुलाब, कलमांसकट, पलंगाच्या डोक्याकडे वाकले होते. बाहेर चारदोन कळ्या आलेल्या एका झाडाला इथे, बिनउन्हाच्या खोलीत, पूर्ण उमललेलं फूल लागलं होतं. गुलाबी, भडक, पाकळ्या सैल झालेलं. ते पलंगाच्या वर झुकलं होतं.

पंखा बंद होता. एक पाकळी सुटली.

परब ती पडताना बघत होते. ती जानकीच्या उशीवर पडायला हवी होती. ती वाटेत थांबली. उशीच्या वर, हवेत, वाकलेल्या बाईचा खांदा असतो त्या उंचीवर. थांबली आणि राहिली. मग किंचित वर झाली, किंचित खाली, पुन्हा वर. अगदी जानकीच्या छातीच्या लयीत. पण जानकीचा श्वास बाहेर येई तेव्हा पाकळी वर जाई.

मग कोणी मान वळवून मागे पाहावं तशी ती घसरली, आणि गादीवर पडली.

 परबांनी आधाराला जवळच्या झाडाची काडी धरली. काटा तळव्यात रुतला, आणि त्या दुखण्याने त्यांना बरं वाटलं. निदान ते त्यांचं स्वतःचं होतं.  पळायला दार मागेच होतं. दाराबाहेर बोळ, बैठक, जिना, रस्ता, फळवाला, सगळं शाबूत होतं.

"असं," ते शेवटी म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून बरा निघाला. "उभं राहून कंटाळली असशील."

ते स्वयंपाकघरातून लाकडी खुर्ची घेऊन आले. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत ती बसेना. त्यांनी पलंग खेचून सरकवला, खुर्ची रेटून घातली. जिथे सगळे शेंडे रोखलेले होते, बरोबर तिथे. मधे कशाला तरी खुर्चीचा पाय लागला आणि मग लागायचा थांबला.

परब वळले आणि बसले.

थंडी पाण्यात उतरल्यासारखी कमरेपासून वर चढली. कानात दडे बसले. बाहेरची रिक्षा, पोरांची शाळेची बस, नळाची धार, सगळं एकदम दूर गेलं. समोर सगळे गुलाब त्यांच्याकडे बघत होते. एका माणसाकडे इतक्या झाडांनी बघणं ही सुखाची गोष्ट नाही. परबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

७

ज्युलिया पेजेची वाटी घेऊन आली ती दारातच थांबली. झाडांकडे, खुर्चीकडे आणि परबांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"तुमचे ओठ निळे पडलेत, भावोजी."

"पडू दे."

"उठा. मला तिथून तिला भरवायचंय."

"मी उठणार नाही. त्या बाजूने भरव."

ज्युलिया पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली. तिने चमचा जानकीच्या ओठांना लावला. आणि जानकीने, जिने कितीतरी दिवसांत घोट गिळला नव्हता, तो गिळला. थोडी पेज चादरीवर सांडली. तिने दुसरा चमचा भरला. तोही गेला.

मग जानकीने डोळे उघडले. आधी ज्युलियाकडे पाहिलं, मग सावकाश मान वळवून खुर्चीकडे. पाहता पाहता तिच्या कपाळाला आठी पडली. लग्नाच्या पंगतीत कोणी पाहुण्याच्या पाटावर बसला तर पडायची तशी.

"अवो," ती म्हणाली, "एका खुर्चेर दोगां कशी मावलात?"

ज्युलियाच्या हातातली वाटी खाली पडली. वाटी फरशीवर गरगरत जाऊन एका कुंडीला अडली.

"मावतो कसेतरी," परब म्हणाले. दात एकमेकांवर आपटत होते, म्हणून एकेक शब्द नीट जुळवून काढावा लागत होता. "तिला अडचण होत असेल तर तिने उठावं. मी सरकारी खुर्चीत जन्म काढलाय. मला उठवायला आलेले किती साहेब बदलून गेले, तिला सांग. आणि तू पेज संपव."

"सांडली ती," ज्युलिया पुटपुटली.

"मग आणखी आण."

ज्युलिया गेली. बोळात तिची पावलं आधी धावली, मग तिने ती सावरली. जानकी परबांकडे बघत होती, आणि परबांच्या किंचित मागे, आणि पुन्हा परबांकडे.

परबांच्या मांड्यांवर भार आला. कोणी नीट टेकून बसावं, तसा. त्यांनी मान ताठ केली, पाय फरशीवर आणखी घट्ट रोवले आणि बायकोचा हात हातात घेतला.